वृद्ध स्त्री, पाठमोरी, नग एक

रईसाबींनी ते घर पहिल्यांदा पाहिलं ते दम्मामला मुलाकडे राहायला आल्यावर, त्याच्या कॉम्प्युटरवर, आणि पाहताक्षणी म्हणाल्या, "या घरात कोणीतरी मेलंय."

"अम्मी, हे घर अजून पुरतं बांधून झालेलं नाय," जलाल म्हणाला.

"मग तर आणखीच वाईट. बांधून व्हायच्या आधीच मेलं."

चित्र दिवेलागणीचं होतं. वर जांभळं आभाळ, वरच्या-खालच्या सगळ्या खिडक्यांत पिवळा उजेड, दार सताड उघडं, आणि आत-बाहेर चिटपाखरू नाही. मगरीबच्या वेळी दार उघडं, दिवे चालू आणि माणूस नाही, असं घर कोणाचं असतं हे कळायला तिसरीच्या पुढे शिकावं लागत नाही. रईसाबी तिसरीपर्यंतच शिकल्या होत्या. त्यापुढचं शिक्षण डोळ्यांसमोरचं दिसू नये म्हणून देतात, असं त्यांचं मत होतं, आणि पोटचा मुलगा डिप्लोमा करून दम्मामला नोकरीला लागल्यापासून हे मत पक्कं होत चाललं होतं.

जलालचं काम असं, की जे घर नाही त्याचं चित्र काढायचं. रत्नागिरीजवळ कर्ल्याला कोणी विचारलं, तुमचा जलाल सौदीत काय करतो, की रईसाबी "घरं बांधतो" असं ठोकून देत. "घरांची खोटी चित्रं काढतो" हे स्वतःच्या, म्हणजे होडेकरांच्या दारात उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. या कामाला सगळे थ्रीडी म्हणत. नकाशावरून कॉम्प्युटरमध्ये घर उभं करायचं, त्याच्यावर ऊन पाडायचं, सावल्या टाकायच्या, भिंतीला चिमूटभर धुरळा लावायचा, काचेत आभाळ दाखवायचं, कडा पाण्याच्या रंगासारख्या जराशा ओघळू द्यायच्या. एवढं सगळं झालं की मालक बघतो आणि म्हणतो, नाही आवडलं.

मालक म्हणजे हम्माद, आणि जलालचा कफीलही, म्हणजे सरकारदरबारी त्याच्यासाठी जामीन राहणाराही, तोच. धाहरानच्या पलीकडे, जिथे डांबर संपतं आणि नुसती वाळू उरते, तिथे त्याने एकासारखे एक सहा व्हिला उभे केले होते. भिंती, छप्परं झाली होती. दर्शनी बाजू, ओटा आणि अंगण राहिलं होतं, आणि ते कसं दिसणार याचं चित्र आधी सल्लागारांच्या कचेरीत मंजूर व्हायला हवं होतं. हम्मादने जलालची तीन चित्रं परत पाठवली होती. तिन्ही वेळा शेरा एकच: "बैत झैन, नफर माफी." घर चांगलं आहे, माणूस नाही. चौथं चित्र मागताना मात्र त्याने इकाम्याचा विषय काढला. जलालचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दोन महिन्यांत संपत होता. चित्र मंजूर झालं आणि त्याबरहुकूम घरं पास झाली, तर नवा इकामा. नाहीतर खलास, सामान बांधायचं आणि कर्ल्याला जाऊन खाडी बघत बसायचं.

"माणसं हवीत त्याला, तर टाक की माणसं," रईसाबी म्हणाल्या.

"आधीच्यात टाकली होती, तरी त्याचं तेच. हे बघ."

जलालने माणसांचा गठ्ठा उघडला. चित्रात चिकटवायला कापून तयार ठेवलेली माणसं होती ती. पांढऱ्या तोबमधला, म्हणजे पायघोळ अरबी झग्यातला, ब्रीफकेसवाला, फुगा धरलेली मुलगी, हसत हसत कुठेच न बघणारी दोन जोडपी. रईसाबींनी चष्मा लावला आणि जलालसाठी मुलगी बघायला गेल्या होत्या तेव्हा जशी नजर टाकली होती, तशी टाकली.

"हा मेला त्या दवाखान्याच्या चित्रात होता."

"हो."

"मॉलच्या चित्रातपण होता."

"अम्मी, तो सगळीकडेच असतो. सगळे तोच वापरतात."

"म्हणजे हा दिवसभर लोकांच्या दारावरून फिरतो. याला घर नाय? आणि ही फुग्याची पोर शाळेत कधी जाते? पाच चित्रांत बघितली. फुग्यातली हवा जात नाय, पोरीचं वय वाढत नाय." त्या पडद्याच्या आणखी जवळ गेल्या. "आणि यांच्या पायाखाली बघ. सावली कुठाय?"

"सावली नंतर टाकायची असते."

"आधी माणूस आणि सावली मागाहून. अशी जात कुठली असते, ठाऊक आहे ना तुला? की डिप्लोमात शिकवलं नाय?"

सहर, म्हणजे त्यांची सून, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अम्मी, मगरीब झाली, असलं जिन्नांचं बोलू नका." सून भित्री होती. भित्र्या माणसाला घर सांभाळता येत नाही, हे रईसाबींनी लग्नाच्या आधीच सांगितलं होतं, पण तेव्हा कोणी ऐकलं नाही.

आता खरं म्हणजे इथे रईसाबींनी तोंड मिटायला हवं होतं. पण चूक डोळ्यांसमोर असताना गप्प राहणं हा त्यांच्या मते एक प्रकारचा खोटेपणा होता. त्या खुर्ची ओढून जलालच्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "ऐक. घरात माणूस राहतो हे माणसावरून कळत नाय. पसाऱ्यावरून कळतं."

मग तीन दिवस पसारा घालणं चाललं. दिवेलागण जाऊन चित्रात दुपारचं ऊन आलं, सताड उघडं दार बंद झालं. ओट्यावर उन्हात कैरीच्या लोणच्याची बरणी आली, तोंडाला फडकं बांधलेली. दारात दोन जोड चपला आल्या. दोरीवर पंचा आला. पायरीच्या एका कोपऱ्याचा टवका उडाला. बातमी खालच्या मजल्यावर गेली आणि दातांची डॉक्टर क्षमा वर आली. ती नाशिकची, त्यामुळे तिला झोपाळा हवा होता. तिच्या नवऱ्याला, उमाकांतला, कारंजं हवं होतं. "वाळूत कारंजं?" रईसाबी म्हणाल्या, "त्यापेक्षा हम्मादच्या डोक्यावर नारळाचं झाड लाव म्हणावं." शेवटी तडजोड होऊन पिवळ्या मांजरावर सगळ्यांचं एकमत झालं. जलालने आपल्या डोक्याने फक्त एक गोष्ट केली. चारातली एक चप्पल उपडी केली.

"सरळ कर ती," रईसाबी म्हणाल्या. "उपडी चप्पल घरात भांडण आणते."

"अम्मी, तीच तर गंमत आहे. त्याने चित्र खरं वाटतं."

"खरं वाटतं म्हणून तर सांगते."

त्याने चप्पल सरळ केली नाही. रईसाबींनी हे ध्यानात ठेवलं. त्या ध्यानात ठेवत तेव्हा ते वर्षानुवर्षं राही.

पुढे काय झालं ते त्यांना कोणी सांगितलं नाही. एके दिवशी जलाल नाचतच घरी आला. हम्माद "मिया मिया" म्हणाला होता, म्हणजे शंभर टक्के. सल्लागारांनी शिक्का मारला होता. रईसाबींना वाटलं बरणी कामाला आली, आणि त्यांनी त्या आनंदात सांदणं केली. तीन दिवसांनी क्षमा धावत वर आली, हातात फोन. "मावशी, तुम्ही हायवेवर आहात!"

"मी सकाळपासून बटाटे सोलतेय," रईसाबी म्हणाल्या.

पण त्या हायवेवर होत्या. सगळे उमाकांतच्या गाडीत बसून बघायला गेले. धाहरानला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला चाळीस फूट रुंद पाटी, तीवर ते घर, ती बरणी, ते मांजर, लांबून चालत येणारा ब्रीफकेसवाला, आणि ओट्यावरच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून, रस्त्याकडे पाठ करून, ताटात तांदूळ निवडत बसलेल्या रईसाबी होडेकर. जलालने एक दिवस बाल्कनीत मागून गुपचूप फोटो काढला होता. पाठच होती, पण चाळीस फुटांच्या पाटीवरची पाठ म्हणजे काय, ते ज्याची त्यालाच कळतं. त्यातून त्या दिवशी त्यांनी घरात वापरायची जुनी ओढणी घेतली होती. खांद्याजवळचं ठिगळ पाटीवर बकरीएवढं झालं होतं. तेल कंपनीच्या बसगाड्या त्या ठिगळाखालून ये-जा करत होत्या.

रईसाबींनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पाटी या कडेपासून त्या कडेपर्यंत पाहिली. गाडीतल्या माणसांना हे त्यांच्या बोलण्यापेक्षा जड गेलं.

"चेहरा नाय दाखवला अम्मी," जलाल म्हणाला. "फक्त पाठ."

"तेवढी अक्कल शिल्लक आहे, शुक्र आहे. होडेकरांच्या बायका रस्त्याकडे तोंड करून बसत नाहीत." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझी सावली बघ."

बरणीची, मांजराची, ब्रीफकेसवाल्याची सावली डावीकडे पडली होती. रईसाबींची सरळ पुढे, दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेली होती.

"कसं शक्य आहे? सूर्य मी एकच ठेवलाय."

"आणि वरच्या खिडकीत कोण आहे?"

वरच्या उजव्या खिडकीत पडदा होता. तो कोणीतरी आतून बाजूला धरला होता. धरणारा दिसत नव्हता. चार बोटं दिसत होती.

जलालने काच खाली करून डोकं बाहेर काढलं. उमाकांत म्हणाला, छापताना डाग पडला असेल. क्षमा म्हणाली, प्रतिबिंब. सहरने कलमा पुटपुटायला सुरुवात केली. जलाल एवढंच म्हणाला, "त्या खिडकीत मी पडदाच टाकलेला नाय."

घरी येऊन रईसाबींनी आधी ओढणीचं ठिगळ उसवलं आणि त्याच रंगाच्या कापडाने ती जागा दिसणार नाही अशी रफू केली. बोटांचं काय करायचं ते नंतर बघता आलं असतं. अब्रूचं आधी.

महिना-दीड महिना गेला. ओटे झाले, अंगणं झाली. इकाम्याला नऊ दिवस राहिले आणि योगायोग असा, की रईसाबींचा व्हिजिट व्हिसाही त्याच दिवशी संपत होता आणि आणखी वाढणार नव्हता. अशा वेळी सल्लागारांचा इन्स्पेक्टर घरं पास करायला आला. प्रसाद नाव, अकोल्याचा. मराठी माणूस आहे म्हणून जलाल खूश झाला, इथेच तो फसला. परक्या मुलखात आपल्या भाषेतला कारकून भेटणं यासारखी आपत्ती नाही. परक्याला निदान कळलं नाही असं तरी म्हणता येतं.

प्रसादने मंजूर चित्र पुढे धरलं आणि त्यात जे जे होतं ते सगळं यादीत उतरवलं. बरणी, फडक्यासहित, नग एक. चपला, जोड दोन, पैकी एक उपडी. पंचा, नग एक. पायरी, टवका उडालेली. जलालने बरणी आणली, चपला आणल्या, हातोडीने स्वतः पायरीचा टवका उडवला. चौदाव्या क्रमांकावर प्रसाद थांबला.

"वृद्ध स्त्री, पाठमोरी, बसलेली, नग एक. जागेवर नाही."

"अहो ती माझी आई आहे!"

"मग बरंच झालं. बाहेरून मागवावी लागणार नाही."

"ती सजावट होती हो. चित्रात जान यावी म्हणून माणसं टाकतात, सगळेच टाकतात."

"मंजूर चित्रात आहे ते जागेवर पाहिजे," प्रसाद म्हणाला. "कमी करायचं असेल तर बदलाचा अर्ज करा. सहा आठवडे."

जलाल घरी आला तो भिंतीला टेकून बसला. आईला कसं सांगावं हे त्याला कळेना, म्हणून त्याने बायकोला सांगितलं, बायकोने क्षमाला सांगितलं, आणि क्षमाने उपाय सुचवला, तोही रईसाबींच्या समोरच. शिंप्याकडे बाईचा पुतळा मिळतो. त्याला ओढणी गुंडाळायची, खुर्चीत बसवायचा, पाठच तर दिसायची आहे.

"माझ्या जागी बुजगावणं?" रईसाबी म्हणाल्या.

"मावशी, तसं नाही…"

"तसंच. चाळीस वर्षं मी होडेकरांचं घर चालवलं, आणि आता माझ्या जागी शिंप्याचं लाकूड बसणार आणि लोकांना फरक कळणार नाय. हेच ना?" त्या उठल्या. "मी बरणी नाय, मी चप्पल नाय. पण माझ्या मुलाचा इकामा माझ्या पाठीवर अडला असेल तर पाठ मीच नेऊन ठेवीन. सहर, माझी ओढणी काढ."

सहरने ओढणी आणली. जलालने ती उलगडून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"अम्मी, ठिगळ कुठे गेलं?"

रईसाबींच्या आयुष्यातले अपमान मोजायला गेलं तर बरेच निघतील, नणंदेच्या लग्नातला तर आजही त्यांना शब्दाशब्दाने पाठ होता. पण स्वतःच्या हाताने लपवलेलं ठिगळ स्वतःच्या हाताने पुन्हा लावायला बसणं, आणि शेजारणीने फोनवर पाटीचा फोटो धरून "जरा खाली, मावशी, अजून जरा डावीकडे" असं सांगणं, हे त्या सगळ्यांच्या वर होतं.

दुसऱ्या दिवशी असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाल्यावर ते तिघे तिकडे गेले. जलाल गाडी चालवत होता, प्रसाद पुढे, रईसाबी मागे, मांडीवर ताट आणि ताटात शेरभर तांदूळ. हवेत धूळ होती. सूर्य तिच्यातून पांढऱ्या बशीसारखा दिसत होता आणि वारा अजिबात नव्हता. डांबर संपलं. सहा घरं एका ओळीत उभी होती, कोणी कोणाकडे न बघणाऱ्या पाहुण्यांसारखी. आत एकही माणूस राहत नव्हता, वॉचमनही नाही. मजूर आदल्या आठवड्यात गेले होते.

चित्राबरहुकूम सजवलेलं नमुन्याचं घर चौथ्या क्रमांकाचं. रईसाबी उतरल्या आणि उभ्याच राहिल्या. चित्रात होतं ते सगळं होतं. धुळीने कडाही तशाच ओघळल्या होत्या. खऱ्या घराला खरेपणा जरा कमीच पडला होता.

ओट्यावर पिवळं मांजर बसलं होतं.

"मांजर कधी आणलंत?" प्रसादने टिकमार्क करत विचारलं.

"मी नाय आणलं," जलाल म्हणाला.

"बरं, आहे ना जागेवर."

रस्त्यावरून कोणीतरी चालत येत होतं. पांढरा तोब, हातात ब्रीफकेस. दहा किलोमीटरवर दुकान नाही, मशीद नाही, बसथांबा नाही. तो त्यांच्यासमोरून गेला, सलाम नाही, दुवा नाही, हसत हसत कुठेच न बघता. जलालने आईचा हात धरला. रईसाबींनी खाली पाहिलं. वाळूत त्या माणसाची सावली होती. त्यांना जरा बरं वाटलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती त्याच्या चार पावलं मागून येत होती.

"दलाल असेल," प्रसाद म्हणाला आणि आणखी एक टिकमार्क केला. "आजी, बसून घ्या."

"आजी कोणाला म्हणतोस रे? तुझ्या वयाचा माझा मुलगा आहे."

"काकू, बसून घ्या."

रईसाबी खुर्चीत बसल्या. अबायावरून ओढणी घेतली, ठिगळ खांद्यावर आणलं, ताट मांडीवर घेतलं. मागून प्रसाद चित्र धरून सांगत होता, थोडं डावीकडे, मान खाली, आता हलू नका. रईसाबी एकटक समोर बघत होत्या. चित्र काढणाऱ्याने काढलं, मालकाने पाहिलं, सल्लागारांनी मंजूर केलं, पण खुर्चीतल्या बाईला काय दिसतं हे आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं.

दार बंद होतं. किल्ली प्रसादच्या खिशात होती. त्यांची सावली सूर्याला न जुमानता सरळ पुढे जाऊन उंबऱ्याला टेकली होती, आणि उंबऱ्यापाशी ती तुटली नव्हती, दाराखालून आत गेली होती. दाराच्या पलीकडून कोणीतरी फरशीवर अनवाणी चालत होतं आणि त्या सावलीवर पाय पडणार नाही याची काळजी घेत होतं. मग पावलं जिन्याने वर गेली.

"क्रमांक बावीस," मागून प्रसाद म्हणाला. "वरची उजवी खिडकी, पडदा, नग एक, हातासहित." कागदाचा आवाज झाला. "आहे."

"प्रसादभाई," जलालचा आवाज चिरकला, "त्या घरात कोणी नाही हो. पडदे लावायचेच आहेत अजून."

"मग हे काय आहे? लागलेत की. तुम्ही उगाच घाबरता, सगळे नग पूर्ण आहेत. घरं पास." जलालने श्वास सोडला. प्रसाद पुढे म्हणाला, "आता देखभालीचा काळ एक वर्ष. दर महिन्याला मी पाहणीला येणार. एक जरी नग जागेवर नसला तरी पास रद्द, आणि मालकाला तसं पत्र."

"वर्षभर? अहो अम्मी नऊ दिवसांनी चाललीय. व्हिसा संपतोय!"

"तो तुमचा घरगुती प्रश्न आहे."

दोघांची मागे जुंपली. जलाल हात जोडत होता, अरबी, हिंदी, मराठी, जे तोंडात येईल त्यात विनवत होता. रईसाबींनी मान वळवली नाही. मुलगा हात जोडतोय हे त्यांना आवाजावरूनच कळत होतं, आणि बापाच्या मयतीलाही न वाकलेला मुलगा अकोल्याच्या कारकुनापुढे वाकतोय, हे पाहायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं. चार बोटं होती. लांब, आणि जरा जास्तच सांधे असलेली.

रईसाबी हळू आवाजात, ओठ फारसे न हलवता बोलू लागल्या. कर्ल्याला भिंतीपलीकडच्या शेजारणीशी बोलायचा त्यांचा हाच सूर होता.

"सलाम, गो बाय. तू कोण, कधीपासून आहेस, ते मी विचारत नाय. वाळू तुझी, आम्ही मागाहून आलो. पण माझ्या मुलाच्या चित्रात तू न विचारता शिरलीस. फुकट राहायची सवय होडेकरांनी कोणाला लावली नाय, तुलापण लावणार नाय. मी नऊ दिवसांनी जाते. त्यानंतर या खुर्चीत तू बसायचं. वर्षभर. तांदूळ निवडायचे, पाठ रस्त्याकडे. हा टिकमार्कवाला महिन्याला येईल, त्याला काय भासू द्यायचं नाय, त्याला तसंही काय दिसत नाय. ओढणी ठेवून जाते, ठिगळ जपून वापर. आणि माझ्या मुलाच्या इकाम्याला काय झालं, तर मी परत येईन. मला व्हिसा लागतो असं समजू नकोस."

वारा नव्हता. पडदा एकदा खाली झुकला आणि पुन्हा वर गेला, मान डोलावल्यासारखा.

रईसाबी उठल्या. ओढणी घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवली, तांदळाचं ताट खुर्चीत ठेवलं. जाताना दारातली उपडी चप्पल मात्र त्यांनी पायाने सरळ केली. गाडीत बसून मागे पाहिलं तेव्हा ती पुन्हा उपडी होती. "हट्टी आहे," त्या पुटपुटल्या.

नवव्या दिवशी त्या विमानात बसल्या. इकामा झाला होता. जलाल विमानतळावर रडला, तो आईसाठी रडला की पुढच्या महिन्याच्या पाहणीसाठी, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पहिल्या महिन्याची पाहणी प्रसादने एकट्याने केली आणि फोनवर सांगितलं, सगळं आहे. जलालला वाटलं क्षमाने पुतळा बसवला. क्षमाला वाटलं जलालने बसवला. दोघांनी एकमेकांचे आभार मानले आणि दोघांचंही "कशाबद्दल?" झालं, तेव्हा जलालने प्रसादकडून फोटो मागवला आणि कर्ल्याला पाठवला. फोटो आला तेव्हा रईसाबी सकाळच्या उन्हात सुकट पसरत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला. ओटा, बरणी, मांजर. खुर्चीत ओढणी घेतलेली पाठ, खांद्यावर ठिगळ.

फोन लावून त्या म्हणाल्या, "डाव्या हाताने निवडतेय."

"अम्मी?" जलालचा आवाज फार लहान झाला होता.

"तांदूळ. डाव्या हाताने. लोक मला ओळखतात त्या रस्त्यावर, माझ्या नावाने बोटं मोडतील. तू चित्रात दुरुस्ती कर. चित्रात केलंस की तिकडे आपोआप होईल."

"अम्मी, मी त्या चित्राला पुन्हा हात लावणार नाय."

"इकामा हवा आहे ना?"

जलालने दुरुस्ती केली. दुसऱ्या महिन्याचा फोटो आला. हात उजवा होता. काम स्वच्छ होतं, खडे ताटाच्या कडेला नीट ओळीत लावले होते, सून करते त्यापेक्षा नीट. रईसाबींनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, पुन्हा जवळ धरला. मान आता पुरती दाराकडे नव्हती. ओढणीच्या कडेतून गालाचा एक तुकडा दिसत होता. ओळखीचा होता. रोज सकाळी आरशात दिसायचा.

अंगणात कावळा सुकटीवर टपला होता, त्याला हाकायचं भान त्यांना राहिलं नाही. फोन त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला. बोलताना मात्र आवाज नेहमीचा होता.

"जलाल, जाऊन तिला सांग. माझ्या नावावर बसायचं तर मान दाराकडे. होडेकरांच्या बायका रस्त्याकडे तोंड करून बसत नाहीत."